पितळी साप आणि गाळलेली पानं

तुम्ही लिहिलेल्या खऱ्या वाक्यांवर विश्वास ठेवून कुणी मरायला गेलं, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? मी मुद्दाम खऱ्या वाक्यांबद्दल विचारते आहे. खोटं लिहिणाऱ्याला आपण खोटं लिहिलं हे निदान ठाऊक असतं, आणि म्हातारपणी पश्चात्ताप करायला त्याच्याजवळ काहीतरी असतं. मी वयाच्या अठराव्या वर्षी एक निळ्या पुठ्ठ्याची वही काठोकाठ भरून खरं लिहिलं. त्यातलं एकही वाक्य मागे घ्यावं असं आजही मला वाटत नाही. तरी माझ्या काकीचा एकुलता एक मुलगा त्याच वाक्यांचा हात धरून घरातून निघून गेला.

आमचं गाव शहाद्यापासून दीड कोसावर. काळी जमीन, कापूस, आणि घरात बापू, माय, काकी, काकीचा हिरामण आणि मी. काका माझ्या जन्माआधीच तापाने गेले होते, त्यामुळे काकीचं सगळं जग हिरामणभोवती फिरायचं, आणि हिरामण बापूंना काका म्हणायचा. चूल एक, पण भाकरी दोन हातांच्या. मायची पातळ आणि मोठी, काकीची जाड आणि कडा भाजलेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काकीचीच चांगली, असं हिरामण मायच्या तोंडावर म्हणायचा. माय त्याच्या पाठीत पळी घालायची, आणि तो पाठ चोळत चौथी भाकरी मागायचा. सकाळच्या वेळी ओट्यावर बापूंची माणसं बसलेली असत. कुणाच्या पायात काटा सडलेला, कुणाचा हात बैलगाडीच्या जुवाखाली आलेला. बापू पाणी खळखळून उकळायचे, जुन्या धोतराच्या पट्ट्या त्यात टाकायचे, आणि पट्टी बांधताना तोंडाने बारीक शीळ घालायचे. आयोडिनचा वास आमच्या घराला इतका चिकटला होता की कढीलाही तो वास येतो, अशी मायची तक्रार असे.

हे काम बापू पहिल्या लढाईत शिकले होते. ते जखमी उचलणाऱ्या फौजी पलटणीत होते. बंदूक नाही, तलवार नाही, चौघांत एक डोली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोनच वस्तू फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या. एक दंडावर बांधायची पांढरी पट्टी. तिच्यावरचा लाल क्रूस धुऊन धुऊन कुंकवाच्या जुन्या डागासारखा झाला होता. दुसरी वस्तू म्हणजे पितळी बिल्ला: उभी काठी, तिला वेढे घातलेला एकच साप, दोन्ही बाजूंनी पानांची डहाळी आणि वर मुकुट. लहानपणी मी तो बिल्ला बोटाने गिरवत बसे. बापू म्हणत, "साप म्हंजे इख बी अन् औषध बी. कोनता हातमा शे त्यावर शे बठ्ठं."

गावाने मात्र त्या सापाचा अर्थ स्वतःचा लावला होता. ज्याच्या छातीवर सरकारने नाग बसवला, त्याला नागाचा मंत्र असणारच. साप चावलेली माणसं आमच्याकडे आणली जात, आणि आणणारे लोक बापूंच्या आधी बिल्ला मागत. एकदा सातपुड्यातून एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याला खाटेवर घालून आणलं होतं. बापूंनी पाय वर बांधला, जखम धुतली, त्याला झोपू दिलं नाही, दुपारभर त्याच्याशी बोलत राहिले. म्हातारा जगला. जाताना त्याच्या मुलांनी बिल्ल्यापुढे नारळ फोडला आणि बापूंकडे पाहिलंही नाही. मी चिडले. म्हटलं, "बापू, लोकांना सांगत का नाही की बिल्ल्यात काही नसतं?"

"मानूस जगना ना?" बापू हात धूत म्हणाले. "मंग साप जीतना का मी जीतनू, तुले काय करनं शे?"

मी तेव्हा हसले होते. खरं म्हणजे तिथेच मला कळायला हवं होतं. ज्या गैरसमजाने मान मिळतो, तो गैरसमज बापू दूर करत नसत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बापूंनी अक्षरओळख करून दिली, पण वाचायला शिकवलं ते मामाने आणलेल्या कागदांनी. मामा नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि बंदी असलेली पत्रकं मिरचीच्या पोत्यांत घालून आणायचा. ती वाचताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि नाक गळायचं. हिरामण माझं नाव घेऊन चिडवायचा, "देखा, तापी देशसाठे रडी ऱ्हायनी." पण मी ती पाठ करायची. परक्यांच्या लढाईला आपला माणूस द्यायचा नाही, पैसा द्यायचा नाही, हे मी विहिरीवर बायकांना ऐकवायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, मिरचीचा भाव काय निघाला म्हणे.

दुसरी लढाई पेटली, तेव्हा मला वाटलं की सगळी पत्रकं भाषणं देतात, पण लढाई म्हणजे काय हे एकही सांगत नाही. आणि ते सांगणारा माणूस तर माझ्याच घरात रोज संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतो. मी बापूंच्या समोर वही घेऊन बसू लागले. मामा ते छापून वाटणार, असं ठरलं. बापूंना मी एवढंच सांगितलं की तुमच्या पलटणीचा इतिहास लिहिते आहे. त्यांचा चेहरा त्या दिवशी कसा झाला ते मला अजून आठवतं. त्यांना तोवर कुणी इतिहास असलेला माणूस म्हटलं नव्हतं.

ते सांगत गेले. आधी पलटणच नव्हती, डोलीवाले होते. लग्नात नवरी वाहणारे कहार फौजेमागे भाड्याने नेत. त्यांना हुद्दा नाही, धड बूट नाहीत, मेले तर नोंद नाही. मग त्यांचं दल झालं. मग लढाईनंतर इस्पितळातली माणसं आणि उचलणारी माणसं एका दलात आली. मी बिल्ल्याचं चित्र काढलं आणि खाली अर्थ लिहिला: "या सापाच्या दातांत विष नाही. ही काठी मारण्यासाठी उचललेली नाही. लढाईत शत्रूलाही पाणी पाजण्याचा हुकूम फक्त या काठीला आहे." ही वाक्यं मी लिहिली आणि दोन दिवस मलाच आवडत राहिली.

वहीचा दुसरा अर्धा भाग वेगळा होता. तो सांगताना बापूंच्या हातातल्या शेंगा फुटायच्या थांबायच्या. नदीतून जाणाऱ्या होड्यांवर जखमी माणसं एकमेकांना चिकटून उघड्यावर पडलेली. ज्या गाड्यांतून त्यांना नेलं, त्या गाड्यांना धक्के झेलणाऱ्या कमानी नाहीत, त्यामुळे वाटेतच मोडलेली हाडं पुन्हा मोडत. जखमांपेक्षा हगवणीने पलटण वेगाने रिकामी होत होती. बापूंचा जोडीदार डोली खांद्यावर असतानाच गुडघ्यावर बसला आणि उठला नाही. तिघांनी डोली पुढे नेली, कारण हुकूम जखमींना उचलण्याचा होता, उचलणाऱ्यांना उचलण्याचा नव्हता. मी लिहिलं: "दंडावरचा क्रूस गोळीला वाचता येत नाही. आणि उचलणारा पडला, तर त्याला उचलायला मागे कोणी नसतं." तोच माझ्या पत्रकाचा मुद्दा होता. पहिला भाग दुसऱ्यासाठी लिहिला होता.

वही पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात मामाला पकडून नेलं. वही माझ्याकडेच राहिली. पंधरा-वीस दिवसांनी बापू म्हणाले, "शहाद्याले एक साहेब येल शे, फौजना दवाखानाना. त्याले दाखाडस तुन्ही वही."

"साहेबाला कशाला?"

"त्याले बी कळू दे, खेडामा असं लिखनारी पोर शे म्हनीसन."

मी वही दिली. नुसती दिली नाही, आधी पुठ्ठ्याला नवा कागद चढवून दिली. सरकारला शिव्या देणारी मी, सरकारच्या साहेबाने माझं अक्षर वाचावं म्हणून हरखून गेले होते. हे मी लपवणार नाही. बापूंना खुर्चीची हाव होती, असं पुढे सांगणारच आहे. मग माझ्याही हावेची नोंद व्हायला हवी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माय आणि मी शहाद्याला गेलो. बापू पहाटेच गेले होते. कोट धुतलेला आणि चिंचेने घासलेला बिल्ला त्यावर. मला वाटलं, साहेबाकडून वही आणायला गेले असतील. बाजारात कापडाच्या दुकानांपुढे मांडव घातला होता, ग्रामोफोन वाजत होता, आणि मांडवात टेबलामागे दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर भरतीचा साहेब होता आणि दुसरीवर माझे बापू. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, छातीवर साप. एका पोलिसाने माझ्या हातात पत्रक दिलं. गुळगुळीत कागद, वर बिल्ल्याचं चित्र, ठळक अक्षरांत "बंदूक नाही, सेवा". आणि त्याखाली माझी वाक्यं. या सापाच्या दातांत विष नाही. ही काठी मारण्यासाठी उचललेली नाही. खाली भरतीच्या ठिकाणाचा पत्ता. मागची बाजू कोरी.

मी पान उलटं करून पाहिलं. दोनदा पाहिलं. मग मांडवाच्या कडेला उघड्या अंगाने उभी राहिलेली पोरांची रांग दिसली. एक शिपाई त्यांच्या छात्यांना फीत लावत होता, आणि चौथा हिरामण होता.

मी त्याचा हात धरला. "घरी चल."

"छाती पुरी भरनी ना," तो हसत म्हणाला. "मन्ही मायनी कळणानी भाकर खाईसन भरनी, सांग तुन्ही मायले."

"हिरामण, यातलं अर्धं काढून टाकलंय. मी पुढे लिहिलं होतं—"

"तूच लिखं अन् आते तूच अडावस?" त्याला खरोखर समजत नव्हतं. "बंदूक नही, काही नही. काकानी जसं करं तसंच करनं शे. मन्ही मायले बी इचारं मी. ती बोलनी, तापीनं लिखेल शे ना, मंग जाय."

मी बापूंकडे पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं होतं. ते खुर्चीवरून उठले नाहीत.

त्या संध्याकाळी मी घरात जे बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बापूंनी आदल्याच दिवशी काकीला बसवून पत्रक वाचून दाखवलं होतं आणि तापीने लिहिलं आहे, असं सांगितलं होतं. काकीला वाचता येत नव्हतं. माझ्यावर मात्र तिचा भरवसा होता, कारण लढाईला नावं ठेवणारी घरात मी एकटीच होते. मीच जा म्हणते तर काय धोका असणार? बापूंनी याच भरवशावर हात मारला.

"बाकीची पानं कुठे गेली?" मी विचारलं.

"साहेब बोलना, लढाईमुये कागद कमी शे."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

बापूंनी कोटावरचा बिल्ला काढून फडक्यात बांधला. मग म्हणाले, "त्यामा एक बी ओय खोटी शे का? सांग ना. तूच लिखेल शे."

एकही ओळ खोटी नव्हती. आज पन्नासहून अधिक वर्षं मी सभांतून बोलते, लिहिते, भांडते. खोटारड्यांना मी कधी घाबरले नाही. पण कुणी खऱ्यातलं अर्धं उचलून माझ्यापुढे धरलं की अजूनही माझ्या तोंडचं पाणी पळतं. वही परत मिळाली तेव्हा दुसऱ्या अर्ध्या भागावर लाल पेन्सिलीच्या तिरप्या रेघा होत्या, पानामागून पान. चहाने ओल्या अंगठ्याचा एक डागही होता. म्हणजे कुणीतरी ते निवांत वाचलं होतं.

हिरामण निघाला त्या सकाळी काकीने दशम्या बांधल्या, लसणाची चटणी बांधली, आणि बापूंपुढे पदर पसरून म्हणाली, "भाऊजी, तो नाग त्यानासंगे देई टाका. तठे इचूकाटा ऱ्हाई, जंगल ऱ्हाई." तिच्या मनात सापाचा मंत्र तसाच होता.

"तो सरकारी शे, वहिनी," बापू म्हणाले. "देता येस नही."

हिरामण म्हणाला, "ऱ्हाऊ दे वं माय, माले नवा भेटी." आणि माझ्याकडे वळून, "चोपडीवाली, मी येस तवलोंग दुसरं काही लिखू नको. आखो कोनी भरती व्हई जाई." तो बैलगाडीत बसूनही हसत होता.

त्याचं पहिलं पत्र कुणा सोबत्याने लिहून दिलेलं होतं. बूट मिळाले, भाकरी मिळत नाही, पोळ्या चामड्यासारख्या. आणि शेवटी एक ओळ माझ्यासाठी: तापीला सांगा, इथले जुने हवालदार म्हणतात, काकांच्या वेळच्या डोलीवाल्यांना नागाचा बिल्ला नव्हताच. तो गोऱ्या डॉक्टरांच्या दलाचा. काकांना नुसती दंडाची पट्टी असणार. मग काकांनी तो कुठून आणला, हे विचारून ठेव.

मी पत्र बापूंपुढे मोठ्याने वाचलं. ते ओट्यावर एकाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. गाठ मारून झाली, तो माणूस निघून गेला, तरी ते तिथेच बसून होते.

"डागदर व्हता," ते म्हणाले. "मन्ही डोलीमा व्हता. नदीलोंग जाता जाता मरी गया. टोपीवर व्हता त्यानी. मी काढी लिन्हा." मग थोड्या वेळाने, "मी त्याले दिनभर खांदावर वाहं, तापी. माले त्यासनी एक पट्टी दिन्ही, कपडानी. आन तो साहेब शहाद्याले बोलना, या, खुर्चीवर बसा. जल्ममा पहिलांदाव बोलना कोनी."

त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांची कीव यायला हवी होती, असं आता वाटतं. तेव्हा आली नाही. तेव्हा एवढंच दिसलं की ज्या मानासाठी त्यांनी हिरामणला दिलं, तो मानही मेलेल्या माणसाच्या टोपीवरचा होता. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. एकाच चुलीवरचं खात होतो, पण मी ताट घेऊन गोठ्याकडे जाऊन बसायची.

हिरामणला पुढे नवा बिल्ला खरंच मिळाला. डॉक्टर, मलमपट्टीवाले आणि उचलणारे अशा सगळ्यांचं लढाई चालू असतानाच एक दल केलं, आणि नाग सगळ्यांच्या टोपीवर आला. त्याने तसं कळवलं होतं. त्यानंतर ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या डोंगरांतून एकच पत्र आलं, आणि मग सरकारी लिफाफा. गोळी लागली नव्हती. हगवणीने गेला होता. त्याच्या सोबत्याने महिन्याभराने लिहिलं की तो आजारी असतानाही डोली वाहत होता. वाटेत बसला. तुकडी जखमींना घेऊन पुढे गेली, त्याला मागून न्यायचं ठरलं होतं.

मी ते पत्र वाचलं आणि निळी वही काढून लाल रेघांखालचं पान वाचलं. शब्दसुद्धा जवळपास तेच होते.

काकी रडली, पण मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचाच मला धाक वाटायचा. श्रावण आला, कानबाई देवी बसायचे दिवस आले. आमच्याकडे नैवेद्याच्या रोटाचा गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेऊन दळतात. ते रोट भावकीच्या बाहेर जात नाहीत. ज्यांचे रोट एक, ती माणसं एक. हिरामण लढाईवर होता त्या वर्षी काकीने त्याच्या नावाची मूठ इतकी गच्च भरून घेतली होती की माय हसली होती. या वर्षी माय सूप घेऊन बसली आणि बापूंच्या नावाची मूठ घातली. काकी आत गेली. स्वतःचं सूप घेऊन आली आणि मायपासून हातभर लांब बसली. तिने त्यात हिरामणच्या नावाने सव्वा मूठ गहू घातला.

"मन्हा रोट आते न्यारा," ती म्हणाली.

बापू दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी काकीच्या सुपाशेजारी पितळी बिल्ला ठेवलेला होता. काकीने तो उचलला, पदराने पुसला आणि परत बापूंच्या पेटीवर नेऊन ठेवला.

मग तिने मला बोलावलं. म्हणाली, तू लिहिलं होतंस ते वाच. मी पत्रक वाचायला घेतलं, तर मान हलवून म्हणाली, "हाई नही. ती चोपडी." मी वही आणली. पहिला भाग वाचला. थांबले नाही, रेघा मारलेली पानंही वाचली. होड्या, कमानी नसलेल्या गाड्या, बापूंचा गुडघ्यावर बसलेला जोडीदार, आणि शेवटी, उचलणारा पडला तर त्याला उचलायला मागे कोणी नसतं. काकी जात्यात मूठ मूठ गहू टाकत होती. माझा आवाज थांबला, तेव्हा तिचं जातंही थांबलं.

"हाई पयले वाचं असतं ना तू," ती म्हणाली, "ते मी धाडं नसतं."

एवढंच. ती पुन्हा दळू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला तो आजही ऐकू येतो. बापूंनी मला फसवलं, हे मी जन्मभर सांगत आले. पण बाजारापासून हिरामणच्या निघण्यापर्यंत नऊ दिवस होते, वही माझ्या हातात परत आली होती, आणि त्या नऊ दिवसांत मी बापूंशी भांडत होते. काकीपुढे बसून तिला वाचून दाखवायचं मला सुचलं नाही. जिचा मुलगा जाणार होता, तिच्याशी मी बोललेच नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तापीच्या या खोऱ्यात ते गुळगुळीत पत्रक बरंच वाटलं गेलं होतं. अजूनही कुणाच्या आजोबांच्या पेटीत, कपाटाच्या तळाशी, देवांच्या फोटोमागे ते सापडतं. वर काठी, काठीला साप, आणि "बंदूक नाही, सेवा". तुम्हाला सापडलं तर ते फाडू नका. ते उलटं करा. मागची बाजू कोरी आहे. तिथे तुमच्या अक्षरात लिहा: दंडावरचा क्रूस गोळीला वाचता येत नाही, आणि उचलणारा पडला, तर त्याला उचलायला मागे कोणी नसतं. मग घरात जिचा मुलगा कुठे निघाला असेल, तिच्याजवळ बसा आणि ते मोठ्याने वाचून दाखवा. आधी मागची बाजू वाचा.